आयरिश बाटली, व्हाया कणकवली

सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी अशी आहे, की तिच्यातली फक्त तारीख, गाव आणि गाडीची जात बदलते. ‘गोवा बनावटीच्या दारूसह अमुक लाखांचा मुद्देमाल जप्त.’ कधी इन्सुली, कधी बांदा, कधी आमची कणकवली. गणपती, दिवाळी आणि थर्टीफर्स्ट जवळ आले की ही बातमी पान सहावरून पान एकवर येते. कारण उघड आहे. गोव्यात मद्यावर कर कमी, महाराष्ट्रात जास्त, आणि पत्रादेवीच्या नाक्यापासून कणकवली गाडीने तास-सव्वा तासावर. एवढ्या अंतरात बाटलीतला माल तोच राहतो, पण किंमत बदलते आणि कायद्याचं कलमही लागतं.

अशा गावात ‘सणाला चांगली बाटली कुठली न्यावी?’ हा प्रश्न नुसत्या चवीचा नसतो. गेल्या काही वर्षांत या प्रश्नाला नवीन शेपूट फुटलं आहे. पूर्वी मुंबईचा चाकरमानी ‘स्कॉच’ आणायचा आणि तेवढ्यावर वाडीत त्याची पत ठरायची. आता अंधेरी-ठाण्याचा पुतण्या फोनवर विचारतो, ‘काका, यंदा आयरिश आणू काय? सगळे तीच म्हणतायत.’ काकांना आयर्लंड म्हणजे लंडनच्या अलीकडे की पलीकडे ते नक्की ठाऊक नसतं. बाटली उघडल्यावर पहिला घोट घेऊन ते एवढंच म्हणतात, ‘कडक नाय ही. तू पाणी घातलंस काय?’

पाणी घातलेलं नसतं. ती मऊच असते. का असते, हे सांगायला गेलं तर जव, पाणी आणि लाकूड यांच्याइतकंच अबकारी खात्याबद्दल बोलावं लागतं. माझं तर मत असं झालंय, की दारूची चव भट्टीवाला जेवढी ठरवतो तेवढीच करवसुली अधिकारी ठरवतो. आयर्लंडमध्ये हे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी घडलं, आपल्याकडे अजून घडतंय.

१७७९ सालापर्यंत आयर्लंडात नोंदणी असलेल्या भट्ट्या हजाराहून अधिक होत्या. बहुतेक लहान, शेतकऱ्यांच्या, स्वतःच्या जवाच्या. मग सरकारने कराची पद्धत बदलली. किती दारू निघाली हे बघण्याऐवजी भांडं केवढं आहे आणि त्यातून महिन्याला किती निघायला हवी, याचा हिशेब करून कर लावायला सुरुवात केली. मोठ्या भांड्याच्या मालकाला ते झेपलं. लहान भट्टीवाल्यासमोर दोन वाटा उरल्या, धंदा बंद करायचा किंवा रात्री डोंगरात करायचा. चाळीसेक वर्षांत नोंदलेल्या भट्ट्या तीस-बत्तीसवर आल्या, आणि डोंगरातल्या किती झाल्या ते कुणी मोजलं नाही. त्या चोरट्या दारूला तिकडे ‘पॉचीन’ म्हणतात. आपली गावठीच ती.

दुसरा कर माल्टवरचा, १७८५चा. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव. मोड आलेल्या दाण्यावर कर, कोरड्या दाण्यावर नाही. आयरिश माणसाने साधा हिशेब केला आणि भांड्यात अर्धा मोडाचा, अर्धा कोरडा जव टाकायला लागला. कर चुकवायला केलेल्या या मिश्रणातून जी दारू निघाली ती जरा जाड, तेलकट, तोंडात मसाल्यासारखी चुरचुरणारी होती. कर पुढे गेला, चव राहिली. आज हिलाच ‘सिंगल पॉट स्टिल’ म्हणतात आणि ती आयर्लंडची खास ओळख मानली जाते. नियमाने तिच्यात मोडाचा आणि कोरडा जव प्रत्येकी निदान ३० टक्के लागतो. ज्या चवीसाठी आज लोक दुप्पट पैसे मोजतात, ती मुळात करबुडवेगिरीची चव आहे. कोकणी माणसाला ही गोष्ट पटकन कळेल.

तिसरी गोष्ट एका अबकारी अधिकाऱ्याची. एनियस कॉफी हे त्याचं नाव. तरुणपणी तो डोनेगॉलच्या डोंगरात चोरट्या भट्ट्या पकडत हिंडायचा. १८१० साली इनिशोवेनमध्ये भट्टीवाल्यांनी त्याला गाठून मरेस्तोवर मारलं. डोकं फुटलं, मांडीत संगिनीच्या जखमा झाल्या. गडी वाचला, बढत्या घेत आयर्लंडच्या अबकारी खात्याचा मुख्य निरीक्षक झाला. नोकरी सोडल्यावर त्याने एक यंत्र बनवलं आणि १८३० साली त्याचं पेटंट घेतलं. दोन उंच मनोरे, एकातून वाफ वर येते, आंबवलेला रस वरून खाली उतरतो, आणि मद्यार्क न थांबता निघत राहतो. तांब्याच्या भांड्यात एक घाणा झाला की भांडं रिकामं करा, धुवा, पुन्हा भरा, ही कटकट गेली. निघणारा मद्यार्क स्वस्त आणि स्वच्छ, पण त्याला वास-चव फारशी नाही. डब्लिनच्या बड्या घराण्यांनी, म्हणजे जेमसन, पॉवर, रो या मंडळींनी नाक मुरडलं. स्कॉटलंडवाल्यांनी यंत्र उचललं, त्या मद्यार्कात थोडी माल्ट मिसळून ‘ब्लेंड’ बनवलं आणि जग जिंकलं.

आता कणकवलीच्या बाजारात या. इथल्या कुठल्याही दुकानात ज्याला लोक ‘इंग्लिश’ म्हणतात ती क्वार्टर घ्या. तिच्यातला बहुतांश माल असाच उंच मनोऱ्यातून काढलेला मद्यार्क असतो, बऱ्याचदा उसाच्या मळीचा, हल्ली धान्याचाही. त्यात कमी-जास्त माल्ट, रंग, वास. युरोपात मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत, धान्याचीच लागते. म्हणजे आपल्या क्वार्टरमागे कुठेतरी त्या मार खाल्लेल्या आयरिश अधिकाऱ्याचं यंत्र आहे. आयरिश व्हिस्की कोकणात नवीन आली असं म्हणणाऱ्याला हे सांगायला मला आवडतं.

डब्लिनचा हट्ट पुढे महागात पडला. १९२० ते १९३३ अमेरिकेत दारूबंदी, त्याच सुमारास आयर्लंडचं स्वातंत्र्ययुद्ध, मग ब्रिटनशी व्यापारी भांडण. दोन्ही मोठी गिऱ्हाइकं गेली. १९६६ साली उरलेल्या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ‘आयरिश डिस्टिलर्स’ केली, १९७५ साली कॉर्क परगण्यातल्या मिडलटनला नवा कारखाना उभा राहिला, आणि सत्तरच्या दशकाअखेर अख्ख्या बेटावर दोनच ठिकाणी व्हिस्की निघत होती. दक्षिणेत मिडलटन, उत्तरेत बुशमिल्स. १९८७ साली जॉन टीलिंगने सरकारचा जुना मद्यार्काचा कारखाना घेऊन ‘कूली’ सुरू केली. १९८८ साली फ्रान्सच्या पर्नो रिकारने आयरिश डिस्टिलर्स विकत घेतली आणि जेमसनला जगभर फिरवलं. आज बेटावर चाळीसच्या आसपास डिस्टिलरी आहेत. लेबलं शंभर दिसतात, पण त्यांतल्या कित्येकांचा जुना माल या दोन-तीन मोठ्या घरांतूनच विकत घेतलेला असतो. नवं, देखणं लेबल पाहून भुलण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं.

आता बाटलीकडे. दुकानात उभं राहून आधी लेबल उलटं करावं आणि शक्तीचा आकडा बघावा. तिथे ४२.८ टक्के लिहिलं असेल तर बाटली भारतात भरलेली आहे असं समजायला हरकत नाही. हा आकडा जुन्या इंग्रजी ‘प्रूफ’च्या मोजणीतून आपल्याकडे राहिला आहे आणि भारतीय बनावटीच्या मद्यावर तोच असतो. आयरिशवर साधारण ४०, काहींवर ४३ किंवा ४६ दिसतो. कायद्याने आयरिश व्हिस्की आयर्लंडच्या बेटावरच गाळलेली आणि तिथेच लाकडी पिंपात निदान तीन वर्षं ठेवलेली असावी लागते. म्हणून लेबलवर आयर्लंडमध्ये गाळली, मुरवली, भरली असं लिहिलंय का ते वाचावं. मागे आयात करणाऱ्या कंपनीचं नाव-पत्ता आणि छापील किंमत असलेली चिकटपट्टी हवी. ती नसेल तर बाटली विमानतळावरून तरी आलेली आहे किंवा जंगलवाटेने.

‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ असं जिच्यावर छापलंय ती बाटली महाराष्ट्रात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ती कितीही अस्सल असो. २०२२ साली उत्पादन शुल्क मंत्र्यांनी गोव्याची दारू पुन्हा पुन्हा आणणाऱ्यांवर मकोका लावण्याची भाषा केली होती. एवढ्याशा स्वस्ताईसाठी सणाच्या दिवशी इन्सुली नाक्यावर डिकी उघडून उभं राहणं कुणाला परवडत असेल तर त्याचं त्याने बघावं. मला न आवडणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. चोरट्या मालात मूळ भरलेली बाटली आणि पुन्हा भरलेली बाटली यांतला फरक बाहेरून कळत नाही. २०१५च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी वस्तीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं मेली. ती झोपडपट्टीतली स्वस्त दारू होती, तिचा आणि महाग बाटलीचा संबंध काय, असं कुणी म्हणेल. संबंध एवढाच, की माल कुठून आला हे सांगणारा कागद दोन्हीकडे नसतो. बिल घ्यावं.

आणि परवाना. हे वाक्य वाचून अर्धी कणकवली हसेल, पण कायदा आहे. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आजही आपल्या राज्याचा कायदा आहे. नाव बदललं, पोट तेच. तो झाला तेव्हा मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचे, आणि कणकवली तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होती. त्याच्या वर्षभर आधी, १९४८ साली, अप्पासाहेब पटवर्धनांनी इथे गोपुरी आश्रम उभा केला होता. इकडे कोकणच्या गांधींचा आश्रम, वर राज्यात दारूबंदी, आणि खाली बांद्यापलीकडे पोर्तुगिजांचा मुलूख, जिथे दारूला बंदी नव्हती. १९६१च्या डिसेंबरपर्यंत ती सीमा परदेशाची होती. चोरट्या वाटा तेव्हापासूनच्या आहेत, हल्लीच्या नव्हेत.

तर त्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी मद्याचा परवाना ५ रुपयांचा, वर्षाचा १०० रुपयांचा, आजन्म १००० रुपयांचा. त्यावरची भाषा अशी, की हा इसम आरोग्याच्या जपणुकीसाठी मद्य घेतो. माझ्या ओळखीतले एक निवृत्त मास्तर आजन्म परवाना खिशात ठेवतात आणि बायको बोलायला लागली की काढून दाखवतात. ‘सरकारच म्हणता आरोग्यासाठी.’ वयाची अट मात्र हसण्यावारी नेऊ नये. बीअर-वाईनला २१, व्हिस्कीला २५ पूर्ण. विशीतल्या भाच्याला दुकानात पाठवून बाटली मागवणारे मामा मी पाहिले आहेत. त्यांना सांगून उपयोग नसतो, तरी सांगतो.

कणकवलीत बाजारच महामार्गाच्या कडेने वसलेला. सर्वोच्च न्यायालयाने २०१६च्या डिसेंबरात महामार्गापासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्री नको असा आदेश दिला तेव्हा २०१७च्या एप्रिलपासून इथली दुकानं-बार एका फटक्यात संकटात आले. लहान गावांसाठी अंतर २२० मीटर झालं, मग जुलैत शहरी हद्दीला मोकळीक मिळाली. मधल्या काळात महामार्गापासून दारापर्यंतचा रस्ता टेपाने मोजणं हा राज्यभर एक उद्योग झाला होता. आता रुंद महामार्ग डोक्यावरून उड्डाणपुलाने जातो, खाली दुकानांत गर्दी असते. तालुक्याच्या दुकानात आयरिश म्हणून बहुधा जेमसनच मिळते. इतर नावं हवी असतील तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानातून किंवा विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटर मद्य आणायची मुभा आहे. २०२३च्या जानेवारीपासून मोपाचं विमानतळ सुरू झालं आणि आखातातली आमची मुलं आता मुंबईला न जाता थेट तिथे उतरतात. मोपा मात्र गोव्यात आहे. पावती जपून ठेवावी, कारण नाक्यावरच्या शिपायाला दुबईची बाटली आणि म्हापशाची बाटली अंधारात सारखीच दिसते.

कुठली घ्यावी? ज्या घरात आजवर ‘इंग्लिश’च्या पुढे कुणी गेलेलं नाही तिथे जेमसन पुरे. हिच्यात पॉट स्टिल आणि मनोऱ्यातला धान्याचा मद्यार्क दोन्ही असतात. मिडलटनमध्ये तांब्याच्या भांड्यातून बहुधा तीनदा गाळतात, स्कॉच साधारण दोनदा. तिसऱ्या वेळी जड, उग्र अंश आणखी मागे राहतात. शिवाय जव सुकवताना पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर बहुतेक लागू देत नाहीत, म्हणून तो औषधी धुरकट वास नाही. आमच्या काकांना पाणी घातल्यासारखी वाटते ती यामुळे. तलमोर ड्यूही याच जातीची, जरा गोडसर. या दोघींत भांडण लावण्यात अर्थ नाही. जी मिळेल ती घ्यावी.

पैसे थोडे जास्त असतील आणि घेणारा चव ओळखणारा असेल, तर मी बुशमिल्सची ब्लॅक बुश सांगेन. हिच्यात माल्टचं प्रमाण जास्त आणि मुरवायला स्पेनच्या शेरी वाईनची जुनी पिंपं. सुक्या मनुकांचा, खजुराचा वास येतो. दिवाळीच्या फराळाच्या ताटाशी हिचं जमतं, आणि शंकरपाळ्यापेक्षा तिखट कडबोळ्याशी अधिक. बुशमिल्सवाले बाटलीवर १६०८ लिहितात. तो त्या भागाला राजाने दिलेल्या परवान्याचा सन आहे. कंपनीची नोंद १७८४ची. जाहिरातीत दोन्हींतला जुना आकडा छापतात, आपल्याकडची मिठाईची दुकानंही तेच करतात.

आणि आयुष्यात एकदाच मोठी बाटली द्यायची असेल, म्हणजे वडिलांची साठी किंवा सासऱ्यांची निवृत्ती, तर रेडब्रेस्ट १२. ही अस्सल पॉट स्टिल, कर चुकवणाऱ्यांच्या वारशातली. बारा वर्षं पिंपात, त्यातली काही शेरीची, काही अमेरिकी बर्बनची. हिला सोडा घालणाऱ्याला मी अडवणार नाही, पण त्याच्या शेजारी बसणार नाही. ग्रीन स्पॉटही याच घराण्यातली, वयाने तरुण, स्वभावाने हलकी. डब्लिनमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या टीलिंग डिस्टिलरीच्या ‘स्मॉल बॅच’ला शेवटी रमच्या पिंपात ठेवतात आणि ती ४६ टक्क्यांची असते. रमवर वाढलेल्या कोकणी माणसाला ही लगेच आवडते, असा माझा अनुभव आहे. धुराची हौसच असेल तर ‘कॉनेमारा’ नावाची पीटच्या धुरातली आयरिशही आहे. पण मग सरळ स्कॉच घ्या.

वयाच्या आकड्याला फार भुलू नये. बाटलीत व्हिस्की म्हातारी होत नाही. पिंपातून बाहेर आली तिथे तिचं वय थांबलं. आजोबांच्या कपाटातली वीस वर्षं जुनी जेमसन ही आजही तेवढीच कोवळी आहे, फक्त बूच कुजलेलं असण्याची शक्यता जास्त. आणि आयर्लंडच्या गारव्यात पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो, तर आपल्या उष्ण हवेत त्याच्या कित्येक पट. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन सिंगल माल्ट बनते. २०१२ साली ती आधी लंडनमध्ये विकायला काढली, नंतर आपल्याकडे. बंगळुरूच्या अमृतनेही २००४ साली ग्लासगोपासून सुरुवात केली होती. या उष्ण हवेत पाच-सहा वर्षांतच लाकूड इतकं काही देऊन जातं, की तिकडच्या बारा वर्षांशी तुलना करायला लोक धजावतात. पुतण्याने ‘आयरिशच का?’ असा उलटा प्रश्न स्वतःला विचारला तर कुंकळ्ळीची बाटलीही उत्तरात यावी. महाराष्ट्रातल्या दुकानातून, अर्थातच.

किमतीचं गणित सांगण्याची सोय नाही, कारण हा अंक तुमच्या हाती येईपर्यंत ते बदललेलं असेल. आयात मद्यावर मूळ सीमाशुल्क वर्षानुवर्षं १५० टक्के होतं, त्यावर राज्याचा कर वेगळा. महाराष्ट्राने २०२१च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५०वर आणलं आणि बाहेरून चोरून येणाऱ्या मालाचं आकर्षण थोडं कमी केलं. मग २०२५च्या जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं आणि ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाचा धान्याच्या मद्याचा नवा वर्ग काढला, १८० मिलिलिटरला कमीत कमी १४८ रुपये. साधी क्वार्टर महागली की गोव्याच्या वाटेवर रहदारी वाढणार, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. त्याच वर्षी जुलैत ब्रिटनशी करार झाला. व्हिस्कीवरचं आयात शुल्क आधी १५०वरून ७५ टक्के, मग दहा वर्षांत ४०पर्यंत. यातली गंमत अशी, की बुशमिल्स उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनमध्ये, आणि जेमसनचं मिडलटन आयर्लंड प्रजासत्ताकात, म्हणजे युरोपीय संघात. एकाच बेटावरच्या दोन बाटल्या वेगवेगळ्या करारांच्या दाराशी उभ्या आहेत.

बाटली कुणाला द्यावी यापेक्षा कुणाला देऊ नये हे आधी ठरवावं. गणपतीच्या दिवसांत घरात बाप्पा असताना बाटलीची पिशवी ओटीवर ठेवणाऱ्याला आमच्याकडे म्हाताऱ्या बाया आजही सुनावतात, आणि बरोबर करतात. दिवाळीत तेवढं सोवळं नाही. चावदिसाला, म्हणजे नरक चतुर्दशीला, पहाटे कारीट फोडून पोहे खाल्ले, की संध्याकाळ मोकळी असते. वर्षातून एकदा गावाच्या राखणीला कोंबडा, नारळ यांबरोबर देवचाराला बाटली दाखवायची पद्धत अनेक वाड्यांत आहे. तिथे आयरिश नेऊ नये. देवचाराला सवय नाही आणि नंतर ती कोण संपवतो ते सगळ्यांना ठाऊक असतं. ज्या घरात दारूने कुणाचं वाटोळं झालंय तिथे महाग बाटली ही भेट नव्हे. आपल्या राज्यात गावाने मतदान करून दारूचं दुकान बंद करण्याची सोय आहे. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चित्रं असतात, आणि ठरलेल्या प्रमाणात मतं आडवीला पडली की दुकान जातं. ज्या बायकांनी ती आडवी बाटली निवडली त्यांच्याकडे पुरेशी कारणं होती. त्यांच्या घरी काजूगर न्यावेत.

प्यायचीच तर थोडी, जेवणाआधी. तिखलं, सुक्या मासळीचं किसमूर असल्या ताटाबरोबर आयरिश मरते, तिचा आवाज ऐकू येत नाही. भाजलेले बिनमिठाचे काजू चालतात, आणि सगळ्यात बरं जमतं ते आपलं मालवणी खाजं. गूळ आणि आलं. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, यात्रेतून आणलेल्या खाज्यावर कळलेलं आहे. पहिला घोट कोरा, मग चमचाभर पाणी. उघडलेली बाटली उभी ठेवावी, आडवी नको, मद्यार्क बूच खातो. ती काळोखात ठेवावी, आणि निम्मी झाली की पुढच्या गणपतीची वाट बघू नये. गाडी चालवायची असेल तर एकही घोट नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा, पण फोंडा आणि करूळचे घाट ती मोजत बसत नाहीत.

एवढं आयर्लंडचं कौतुक झाल्यावर मार्च-एप्रिलमध्ये कणकवलीपासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंत काजूच्या बागांतून फिरून यावं. झाडाखाली लाल-पिवळ्या बोंडांचा सडा असतो. बी काढून घेतात, बोंड तिथेच कुजतं. बीपेक्षा बोंडाचं वजन कित्येक पट. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या एकाहून एक जाती दिल्या, ‘वेंगुर्ला ४’, ‘वेंगुर्ला ७’, बीचं पीक वाढलं, तसा कुजणाऱ्या बोंडांचा ढीगही वाढला. तेच झाड, तीच जमीन, पण पत्रादेवीच्या पलीकडे तेच बोंड ‘कोळंबी’ नावाच्या कुंडीत तुडवतात, रस आंबवतात, पहिल्या गाळपाची हुर्राक आणि दुसऱ्या गाळपाची फेणी काढतात. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ साली गोव्याने तिला राज्याचं वारसा पेय ठरवलं. पत्रादेवीच्या अलीकडे तीच बोंडाची दारू काढली तर गावठी म्हणून धाड.

आयर्लंडच्या पॉचीनचीही हीच कथा होती. तीनशे वर्षांहून जास्त काळ बेकायदा. १९९७ साली देशात विकायला परवानगी मिळाली आणि २००८ साली तिला युरोपात भौगोलिक मानांकन मिळालं. आता ती विमानतळावर पेटीत बांधून विकतात. महाराष्ट्राने २०२२च्या एप्रिलमध्ये काजूबोंडं आणि मोहाच्या फुलांच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे बाजाराचं मोठं दार उघडलं. पण दार उघडणं आणि भट्टी पेटणं यांत अंतर आहे. बोंडाचा रस दिवसभरात आंबायला लागतो, दूरच्या कारखान्यात टँकरने नेऊन चालत नाही. भट्टी बागेच्या जवळ हवी, म्हणून लहान हवी, म्हणून परवान्याची फी आणि भांड्याच्या मापाचे नियम लहान माणसाला झेपतील असे हवेत. १७७९च्या आयर्लंडने नेमकं उलटं केलं होतं. उत्पादन शुल्क खात्यातल्या कुणा अधिकाऱ्याने सणाला जेमसन उघडली, तर त्याने हा इतिहास जरूर काढून वाचावा. हंगाम मार्चमध्ये सुरू होतो.